‘विकायची नाही’ म्हणणाऱ्या मालकाशी कसे बोलावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: साताऱ्याजवळच्या आपल्या आजोळी एका ७८ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या अंगणात १९५६ सालची फियाट, म्हणजे जिला आपल्याकडे सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती गाडी, सुमारे अठरा वर्षांपासून कडुनिंबाखाली उभी आहे. ती सरांच्या वडिलांची होती आणि ते डॉक्टर होते. आपण ती तीन वेळा मागितली, प्रत्येक वेळी रक्कम वाढवली आणि प्रत्येक वेळी सरांनी ‘विकायची नाही’ एवढेच उत्तर दिले. गाडी डोळ्यांदेखत सडत असल्याचे आपल्याला दुःख आहे आणि सरांना कसे पटवावे, असे आपण विचारता. तीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात जुन्या मोटारी शोधणे, विकत घेणे आणि पुन्हा रस्त्यावर आणणे हेच माझे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण जी रक्कम वाढवत गेलात तीच आपल्या आड आली आहे. पहिल्या भेटीत एक आकडा, दुसऱ्या भेटीत त्याहून मोठा आणि तिसऱ्या भेटीत आणखी मोठा, याचा अर्थ समोरचा माणूस दोन प्रकारे लावतो. पहिला आकडा खरा नव्हता, हे त्याला कळते. आणि आपला नकार हा माणूस भाव वाढवण्याची युक्ती समजतो आहे, हेही कळते. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या गृहस्थाला दुसरी गोष्ट अधिक लागते. म्हणून पुढच्या भेटीत पैशांचा विषय काढू नका. त्याच्या पुढच्या भेटीतही काढू नका.

ही चूक मीही केलेली आहे. १९९० च्या दशकात वाईला एका वाड्यात स्टँडर्ड हेराल्ड उभी असल्याचे कळले आणि मी सरळ जाऊन, ओसरीवर बसल्या बसल्या, मुलांच्या आणि सुनांच्या देखत त्या आजोबांना ‘कितीला द्याल?’ असे विचारले. आजोबा काही बोलले नाहीत, आतून पाणी मागवले, मी ते प्यायलो आणि निघालो. पुन्हा गेलो तेव्हा दार उघडले नाही. त्यांच्या पश्चात मुलांनी ती गाडी भंगारवाल्याला वजनावर दिली, कारण मला कळवण्याची इच्छा त्या घरात कोणालाही उरली नव्हती. ती हेराल्ड चार दारांची होती. तिची मूळ आवृत्ती, म्हणजे इंग्लंडमधली ट्रायम्फ हेराल्ड, दोन दारांचीच निघाली. चार दारांची फक्त मद्रासच्या कारखान्यात तयार झाली. इंजिनाचे सामान आजही इंग्लंडहून मागवता येते, पण मागच्या दारांचा पत्रा जगात दुसरीकडे मिळत नाही. ती दारे वितळवली गेली याचे मला अजूनही वाईट वाटते, आणि त्याला कारण माझा तो एक प्रश्न होता.

‘विकायची नाही’ हे वाक्य सगळीकडे एकच ऐकू येते, परंतु त्यामागे दर घरी निराळी गोष्ट असते आणि ती कळेपर्यंत आपल्याला करण्यासारखे काहीच नसते. सरांच्या बाबतीत आपल्याला अर्धे उत्तर आधीच माहीत आहे: गाडी वडिलांची आहे. १९५० च्या दशकात मोटार घेणे म्हणजे आजच्यासारखे दुकानात जाऊन घेऊन येणे नव्हते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघत, उत्पादन परवान्यांनी बांधलेले असे, आणि पुढे तर नाव नोंदवून, अनामत भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. तालुक्याच्या गावी ज्या डॉक्टरांकडे मोटार असे, ती मोटार गावाच्या ओळखीची असे. रात्री-अपरात्री तिचा आवाज आला की कोणाच्या तरी घरी कोणीतरी अत्यवस्थ आहे, हे लोकांना समजे. अशा गाडीकडे मुलगा वस्तू म्हणून पाहू शकत नाही. आपण तिला ‘सडलेली’ म्हणतो तेव्हा त्याला वडिलांविषयी काहीतरी ऐकल्यासारखे होते, म्हणून तो शब्द त्यांच्यासमोर कधीही उच्चारू नका.

दसऱ्याच्या सुमारास त्या अंगणात एक फेरी मारून पाहा, असे मी नेहमी सांगतो. बोलणी करायला त्या दिवशी जाऊ नये, फक्त पाहावे. वर्षानुवर्षे न हललेल्या गाडीवरही ज्या घरात खंडेनवमीला पाणी मारले जाते, बॉनेटवर कुंकवाची बोटे ओढली जातात आणि झेंडूची माळ घातली जाते, त्या घराच्या लेखी ती गाडी जिवंत आहे. तेथे ‘पडून राहण्यापेक्षा दिलेली बरी’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण त्यांच्या मते ती पडून नाहीच. याउलट जेथे गाडीच्या टपावर सरपण रचलेले असते आणि आत कोंबड्या असतात, तेथे भावनेचा प्रश्न बहुधा उरलेला नसतो. अडचण कागदांची किंवा वाटणीची असते, आणि तिचा मार्ग निराळा आहे.

भावना आणि कागद यांच्या मध्ये आणखी एक कारण असते, ते मला सर्वांत अधिक वेळा भेटले आहे: ‘मी स्वतःच करणार आहे.’ निवृत्तीनंतर, मुलीचे लग्न झाल्यावर, पुढच्या दिवाळीनंतर. हे ऐकून आपण मनातल्या मनात हसू नये आणि ‘आता तुमच्याच्याने काय होणार’ असे तर चुकूनही सुचवू नये. त्या माणसाला गाडी विकणे म्हणजे स्वतःच्या आयुष्यातला तो पुढचा दिवस येणार नाही, असे लिहून देणे असते. अशा माणसाला मी विचारतो, ‘सुरुवात कुठून करायचे ठरवले आहे तुम्ही?’ आणि मग ऐकतो. पुष्कळांना इंजिनाची काळजी असते. मी सांगतो की डुक्कर फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, त्याच घराण्याचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारीत आले आणि पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपासपर्यंत चालू होते, त्यामुळे पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला पुष्कळसे सामान अजून जमवता येते. खरे अवघड काम पत्र्याचे आहे. या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. तळ, उंबरे (दारांखालचा पत्रा) आणि बॉडी हे एकच अंग आहे, म्हणून उंबरे गंजले की गाडीचा कणाच दुबळा होतो, आणि खड्ड्यांत नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर ती फक्त उभी राहण्यापुरती राहते. हे सगळे ऐकल्यावर काही जण खरोखर कामाला लागतात आणि मला त्याचा आनंदच होतो. काही जण दोन-तीन भेटींनंतर आपणहून म्हणतात, ‘हे माझ्याच्याने व्हायचे नाही. तुम्ही कराल का?’ मी ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलेले नसते, म्हणून पुढे त्यांना पश्चात्तापही होत नाही.

आता भीतीविषयी. पुष्कळ मालकांनी शेजारच्या गावातली एखादी गाडी गेलेली पाहिलेली असते: गोड बोलून कोणी घेऊन जातो आणि महिन्याभरात तिची पुढची जाळी एकाकडे, मीटर दुसऱ्याकडे, दारे तिसऱ्याकडे जातात, कारण सुटे सामान विकून कधी कधी अख्ख्या गाडीहून अधिक पैसे सुटतात. डुक्कर फियाटच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. ती, जाळी, मागचे दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या आता नव्याने सहज मिळत नाहीत. सरांना ही भीती असेल तर ‘मी तसा नाही’ असे सांगून काहीही होणार नाही, कारण तसे करणारेही नेमके हेच वाक्य बोलतात. आपण आधी केलेले काम दाखवा. स्वतःची एखादी गाडी उभी केली असेल तर तीच चालवत त्यांच्या दारी न्या. तेवढे अजून झालेले नसेल तर ज्या फिटरकडून आणि ज्या डेंटरकडून, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याकडून, काम करून घेणार आहात, त्यांच्या गॅरेजात सरांना एकदा घेऊन जा. आणि गाडी तुकड्यांत विकणार नाही, पुढे कधी विकावी लागलीच तर प्रथम सरांच्या घरी विचारीन, हे आपल्या हाताने लिहून सही करून द्या. न्यायालयात त्या कागदाचे वजन किती, हा प्रश्न वेगळा. आपण बांधून घ्यायला तयार आहात, हे त्यातून दिसते.

आणखी एका भीतीचा गैरफायदा घेतला जातो, त्याबद्दल मला तीव्रतेने लिहावेसे वाटते. ‘पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार उचलून नेणार आहे, त्यापेक्षा आत्ताच मला द्या’ असे सांगून वृद्ध मालकांकडून गाड्या मातीमोल घेणारे दलाल मी पाहिले आहेत. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती होती. ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशातून आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. महाराष्ट्रात खासगी मोटारीचे पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करता येते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. शुल्क वाढले आहे, हे खरे. १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपयांवर गेले आणि पुढेही वाढले. परंतु शुल्क वाढणे आणि गाडी जप्त होणे यांत फार अंतर आहे. सरांच्या मनात हा समज असेल तर तो आपण दूर करा, जरी त्यामुळे त्यांना विकण्याची घाई राहिली नाही तरी. खोट्या भीतीवर घेतलेली गाडी ही फसवून घेतलेली गाडी आहे.

उलट त्यांना २०२१ चे नियम सांगा. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षे उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, परंतु गाडीची आधीपासून नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. मुंबई राज्याच्या काळात, म्हणजे महाराष्ट्र स्थापन होण्याच्याही आधी मिळालेला तो क्रमांक सरांच्या वडिलांच्या नावाइतकाच त्या घराचा आहे; तो जाणार नाही, एवढे कळले तरी त्यांच्या मनावरचा मोठा भार हलका होईल. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि त्यासाठी लागणारे पेट्रोल भरणे वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. १९७० किंवा ८० च्या दशकात पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून गाडीत डिझेल इंजिन बसवले असेल तर हा मार्ग अडतो, म्हणून बॉनेट उघडू देतील तेव्हा इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहा.

आता कागदांकडे येतो. पुष्कळ मालक ‘विकायची नाही’ म्हणतात त्याचा खरा अर्थ ‘विकता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते’ असा असतो. आरसी बुक सापडत नाही, किंवा सापडते ते वाळवीने खाल्लेले असते, किंवा तीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर असते. सरांच्या घरी बहुधा तिसरी गोष्ट असणार. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे संमतीपत्र लागते. कायद्याने हे मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवे होते, पण उशीर झाला म्हणून मार्ग बंद होत नाही, फक्त दंड आणि हेलपाटे वाढतात. गाडी सरांच्या नावावर आल्यानंतरच त्यांना नमुना २९ आणि ३० वर सही करून ती आपल्या नावावर करता येईल. आरसी बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ ने दुय्यम प्रत काढावी लागते. इतक्या जुन्या गाडीची नोंद आरटीओच्या संगणकात नसण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा जुन्या नोंदवहीवरून ती संगणकात चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी नोंदवही शोधून देणारा एखादा सहृदय कारकून भेटावा लागतो. या सगळ्यात काही महिने जातात. ही धावपळ आपल्या खर्चाने, गाडी विकण्याची कोणतीही अट न घालता, सरांसाठी करून देण्याची तयारी दाखवा. मी अनेकांसाठी केली आहे. काहींनी त्यानंतरही गाडी दिली नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता.

वारसांच्या संमतीत एक माणूस नेहमी विसरला जातो: बहीण. कोल्हापूरच्या एका घरी अँबॅसिडरसाठी मी दोन भावांकडे सहा वर्षे जात होतो. वाड्याची वाटणी झाली होती, मधल्या चौकात गाडी उभी होती आणि थोरला ‘धाकट्याला विचारा’ म्हणे, तर धाकटा ‘दादालाच विचारा’ म्हणे. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला कळायला दोन वर्षे लागली. सहाव्या वर्षी मी त्यांच्या आईला विचारले, ‘मावशी, तुमच्या मुलीचे काय म्हणणे आहे?’ त्या माउली बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘तिला आजवर कोणी विचारलेच नाही हो.’ हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात. बेळगावात दिलेल्या त्या मुलीचा गाडीवर भावांइतकाच हक्क होता. ताई आल्या, वडिलांनी याच गाडीतून तिला शाळेत सोडल्याच्या आठवणी निघाल्या आणि तीनही भावंडांनी एकाच दिवशी संमतीपत्रावर सह्या केल्या. पैसे मी आईसह चौघांच्या बँक खात्यांत समान विभागून भरले, रोख दिले नाहीत. सरांना भावंडे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. आधी ते जाणून घ्या. पुण्या-मुंबईत राहणारी त्यांची एखादी बहीण किंवा भाऊ असेल आणि त्यांना बाजूला ठेवून सौदा झाला, तर सरांच्या घरात भांडण लावून आपण गाडी नेल्यासारखे होईल.

किमतीबद्दल थोडेच लिहितो, कारण बोलणी तेथवर आली की उरलेले काम सोपे असते. लिलावात कोट्यवधींना गेलेल्या गाड्यांच्या बातम्या मालकाने वाचलेल्या असतात आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. सरांसमोर बसून कागदावर खर्चाचा अंदाज मांडा: पत्राकाम, इंजिन, ब्रेक, वायरिंग, क्रोम, काचा आणि रबर, गाद्या, रंग, कागदपत्रे. उभ्या राहिलेल्या अशा फियाटला बाजारात काय मिळते, हे त्यांना स्वतः दोन ठिकाणी विचारू द्या. खर्चाची बेरीज बहुतेक वेळा त्या किमतीच्या पुढे जाते. तरीही आपण गाडी का घेऊ इच्छिता, हे मग प्रामाणिकपणे सांगावे लागते, आणि तेच सरांना ऐकायचे असते. एकच आकडा सांगा, तो लिहून द्या आणि तो ना वाढवा ना कमी करा. गाडीतले दोष मोठे करून दाखवून भाव पाडण्याची सवय आपल्या धंद्यात फार आहे. ज्या माणसाच्या वडिलांची ती गाडी आहे, त्याच्यापुढे ती वापरणे मला निर्दयपणाचे वाटते.

नाशिकच्या एका काकूंची गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. त्यांच्याकडे यजमानांची फियाट होती आणि अनेकांना त्यांनी परत पाठवले होते. चौथ्या भेटीत त्यांनी मला एक वही दाखवली. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, त्या दिवसाचे किलोमीटर, हवा भरल्याची तारीख, पंक्चर कोठे झाले, सगळे यजमानांच्या टपोऱ्या अक्षरात. गाडीबरोबर वही जावी, असे मागच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मागितले होते, कारण अशा वहीने गाडीचा इतिहास सिद्ध होतो आणि किंमत वाढते. काकूंना गाडी द्यायची होती, वही द्यायची नव्हती. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी वहीच्या पानापानाची छायाप्रत काढून घेतली आणि मूळ वही त्यांच्या हाती परत दिली. आठवड्याभरात त्यांनी गाडी दिली. तेव्हापासून मी प्रत्येक घरी विचारतो की गाडीतले काय तुम्हाला ठेवायचे आहे. कोणी किल्लीची साखळी ठेवतो, कोणी डॅशबोर्डवरचा गणपती. एकाने मागची सीट ठेवली होती, आणि मी नवी बनवून घेतली.

आता सर्वांत निकडीचे. सर विकोत अथवा न विकोत, या पावसाळ्याआधी त्या गाडीची काळजी घेतली गेली पाहिजे. सरांकडे जाऊन एवढेच म्हणा, ‘सर, गाडी तुमचीच राहू दे, पण यंदा पाऊस लागण्याआधी मला तिची थोडी देखभाल करू द्या.’ कडुनिंबाचा पाला आणि चीक टपावर व काचेच्या खाचेत साचतो, पाणी अडते आणि तेथूनच पत्रा खाल्ला जातो. तो आधी काढा. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला असेल तर तो काढून टाका, कारण खाली ओल कोंडून गंज वाढतो. त्याऐवजी वर चार खांबांवर पत्र्याचे छप्पर घाला, म्हणजे वारा खेळता राहील. चाके जमिनीपासून उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर घ्या. पोकळ सिमेंटचे ठोकळे कधीही वापरू नका, ते अचानक फुटतात. टाकीतले जुने पेट्रोल काढा. बॉनेटखाली आणि सीटखाली उंदरांची घरटी असतात, ती साफ करा आणि कुरतडलेल्या वायरींमुळे आग लागू नये म्हणून बॅटरी जोडू नका. इंजिन चालू करून दाखवण्याचा मोह कितीही झाला तरी आवरा. अठरा वर्षे थांबलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात. स्टार्टर मारला तर रिंगा तुटतात. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडा, आठ-दहा दिवस थांबा आणि मग हाताने, अगदी हळू, इंजिन फिरते का ते पाहा. ज्या दिवशी ते फिरेल, त्या दिवशी सरांना तेथे उभे करा.

हे काम करताना गाडीविषयी जे कळेल ते दहा भेटींत कळणार नाही, आणि सरांना आपल्याविषयीही कळेल. एवढे करूनही ते कदाचित म्हणतील की आता ती चालू होईपर्यंत करू या आणि ठेवू या. तसे झाल्यास त्यांना मदत करा. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याच्या सोहळ्याला बाहेर पडते आणि ती पाहायला लोक चौकात ताटकळत उभे राहतात. ती गाडी एखाद्या संग्राहकाच्या बंद दालनात असती तर तिचे मोल पैशांत तेवढेच राहिले असते, पण कोल्हापूरकरांची ती राहिली नसती. काही गाड्या त्यांच्या घरीच शोभतात. डॉक्टरांची फियाट त्यांच्यापैकी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरांचा आहे. साताऱ्याकडच्याच एका गृहस्थांची विलीज जीप मी अशीच चालू करून दिली, ती त्यांनी विकली नाही, आणि नंतर त्यांच्याच शब्दावर मला त्या तालुक्यात दोन गाड्या मिळाल्या.

आणि सरांनी होकार दिला, तर गाडी दिवसाउजेडी न्या, रात्री नेऊ नका. शेजाऱ्यांनी पाहिले पाहिजे की ती सन्मानाने गेली. ओढत नेऊ नका, सपाट तळाचा टेम्पो आणा. घरच्यांना पूजा करायची असेल तर वेळ हाताशी ठेवून जा आणि नारळ त्यांनाच फोडू द्या. पैसे आदल्या दिवशीच खात्यात जमा झालेले असावेत, म्हणजे त्या क्षणी कोणाला नोटा मोजाव्या लागणार नाहीत. नमुना २९ ची सही-शिक्क्याची प्रत आठवड्याच्या आत सरांच्या हाती द्या, कारण गाडी आपल्या नावावर होईपर्यंत तिची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावरच राहते आणि ७८ वर्षांच्या माणसाला ती चिंता लावून ठेवणे बरे नाही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी कामाचे फोटो पाठवत राहा, पत्रा कापलेला असेल तेव्हाचेही. सरांची भीती त्या फोटोंनीच निवत जाईल, आणि रंग कोणता द्यावा हे विचारण्याची वेळ आली की मूळ रंग कोणता होता, हे सांगणारे तेच एकटे उरलेले असतील.